झाकण उघडून दाखवा

जुना ट्रॅक्टर बघायला गेलेली मंडळी काय काय करतात हे एकदा बाजूला उभं राहून बघावं. कुणी मागच्या टायरला लाथ मारतो, कुणी बॉनेट उचलून इंजिनावर हात ठेवतो, कुणी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून धुराचा वास घेतो. मग एक जण सीटवर चढतो, रेस देतो, यार्डातल्या यार्डात फेरी मारतो, लिफ्ट वर-खाली करून बघतो आणि उतरता उतरता जाहीर करतो, "इंजिन ठणठणीत आहे." की झाली भावाची बोलणी सुरू. सीटखाली, चालवणाऱ्याच्या दोन पायांच्या मध्ये असलेल्या बिडाच्या पेटाऱ्याकडे कुणी वळत नाही. फार तर गिअरची दांडी हलवून बघतात. ती हलली की गिअरबॉक्स पास.

यामागचं कारण समजण्यासारखं आहे. इंजिन बोलकं असतं. धूर, ठोका, तेल पिणं, सकाळी सुरू व्हायला कुरकुर करणं, सगळं पाच-दहा मिनिटांत बाहेर येतं. शिवाय त्याच्या दुरुस्तीचा हिशेब तालुक्याच्या मिस्त्रीला तोंडपाठ असतो: लायनर-पिस्टन, रिंगा, हेड, पंप, मजुरी. गिअरबॉक्सचं तसं नाही. आपल्याकडच्या ट्रॅक्टरांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियलचं हाउसिंग एकमेकांना बोल्टांनी आवळलेली असतात. तोच ट्रॅक्टरचा कणा. त्यामुळे साधी क्लच प्लेट बदलायची तरी ट्रॅक्टर मधून सोडवून त्याचे दोन भाग करावे लागतात. त्याच्या मागचं काम तर खोलल्याशिवाय सांगताच येत नाही. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात. एक गिअर बाद निघाला की त्याच्या जोडीदाराचे दाते तपासावे लागतात, मग बेअरिंगं, मग सीलं. जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीतला सगळ्यात अंधारा भाग हा असा आहे आणि नेमक्या त्याच भागाला आपण सगळ्यात कमी वेळ देतो. निम्मा वेळ तिथे घालवावा आणि शेवटचा पैसा देण्याआधी वरचं झाकण उघडून आत बघावं, असं माझं मत आहे. विकणाऱ्यांना ते आवडत नाही, हे माहीत आहे.

काय बघायचं ते ट्रॅक्टर कोणत्या घराण्यातला यावर ठरतं आणि घराणी तशी मोजकीच आहेत. भारतात ट्रॅक्टर बनायला १९५९ मध्ये सुरुवात झाली, फरिदाबादला आयशरच्या कारखान्यात. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर कंपनी काढली आणि बी-२७५ आणला. त्याच्या घडणीचा वारसा पुढच्या कित्येक महिंद्रांमध्ये उतरला. टॅफेचा मॅसी १०३५ हा मूळच्या फर्ग्युसन घडणीचा. एचएमटीने १९७१ पासून पिंजोरला झेटरच्या धर्तीवर ट्रॅक्टर काढले. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आखलेला स्वराज १९७४ मध्ये पंजाबातून बाजारात आला. फोर्ड ३६०० अजूनही कुठे कुठे भेटतो. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याजवळ सणसवाडीला जॉन डियर आला आणि त्याच्यामागोमाग तेलात बुडालेले ब्रेक आणि बदलायला मऊ गिअर सर्वसामान्य शेतकऱ्याच्या तोंडी आले.

या घराण्यांत मूळचा फरक गिअर कसा पडतो याचा. जुन्या स्लायडिंग मेशमध्ये गिअर शाफ्टवर सरकत जाऊन दुसऱ्याच्या दात्यांत शिरतो. ट्रॅक्टर थांबवून, क्लच पूर्ण दाबून, क्षणभर थांबून दांडी सरकवायची, हा त्याचा नियम. ज्या ड्रायव्हरने हा नियम पाळला नाही त्याची सही दात्यांच्या टोकांवर राहते: कडा तुटक्या, गोल झालेल्या, जणू उंदराने कुरतडल्यासारख्या. कॉन्स्टंट मेशमध्ये दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात आणि मधलं कपलर सरकून एकाला शाफ्टशी जोडतं. इथे मुख्य दाते नव्यासारखे चकाकतात आणि तरी गिअर निसटतो, कारण झीज कपलरच्या आतल्या छोट्या दात्यांवर होते. झाकण उघडूनही चुकीच्या जागी बघणारे मी पाहिले आहेत. "दाते तर कोरे आहेत," म्हणून ट्रॅक्टर घेतला आणि पहिल्याच नांगरटीला दुसरा गिअर हातात धरून ठेवायची वेळ आली.

जुन्या मॅसी १०३५ ची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात तीन पुढचे आणि एक मागचा गिअर, आणि त्यामागे हाय-लोसाठी ग्रहमालेसारखी फिरणारी गिअरांची जुळणी. म्हणून सहा पुढे, दोन मागे. या ट्रॅक्टरात गिअर निसटला असं ड्रायव्हर सांगतो तेव्हा पुष्कळदा निसटलेला असतो तो लो. तेव्हा हाय-लोची दांडी आधी तपासावी, तीही उतारावर. दुसरी गोष्ट, याचा हायड्रॉलिक पंप मागच्या हाउसिंगमध्येच, गिअरच्या तेलात बुडालेला असतो. गिअरबॉक्सने सोडलेला लोखंडाचा कीस थेट लिफ्टच्या पंपाकडे जातो. लिफ्ट थरथरत उठत असेल तर ती लिफ्टची तक्रार असेलच असं नाही. तिसरी, यात क्राऊनपासून चाकाकडे शाफ्ट सरळ जातो, मध्ये वेग उतरवणारा आणखी एक टप्पा नसतो, म्हणून ओढीचा सगळा ताण क्राऊन-पिनियनवर येतो. महिंद्राच्या जुन्या घडणीत हा ताण पुढे बुल गिअरकडे वाटला जातो. तिथे बुल पिनियनचे दाते आणि बेअरिंगं बघायची.

पण घराण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ट्रॅक्टरने काय आयुष्य काढलं. तासांचं मीटर यात मदत करत नाही. जुनी मीटरं इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात, इंजिन ठरलेल्या वेगाने फिरत असेल तरच त्यांचा एक तास घड्याळाच्या तासाएवढा भरतो. शिवाय केबल सोडून ठेवली की प्रश्नच मिटला. त्यापेक्षा ट्रॅक्टर कुठल्या मुलखातून आला हे विचारावं.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगरकडचा असेल तर तो ऊस वाहतुकीला होता का, हा पहिला प्रश्न. पाच-सहा महिने कारखान्याचा हंगाम, मागे दोन ट्रॉल्या, त्यात मावेल त्याहून जास्त ऊस, रात्रंदिवस खेपा. असा ट्रॅक्टर शेतात फारसा उतरलेला नसतो, म्हणून त्याचे पत्रे चांगले असतात, लिफ्टचे हात घट्ट असतात आणि बघणारा फसतो. झीज असते ती वरच्या गिअरांत, क्राऊन-पिनियनमध्ये आणि क्लचमध्ये, कारण भरल्या ट्रॉल्या जागेवरून उचलताना क्लच अर्धवट सोडून रेस द्यायची सवय. याची खूण मागच्या हुकापाशी सापडते: भोक लांबट झालेलं, ड्रॉबारचा खुंटा झिजून कमरेत बारीक झालेला. हुक तसा असेल तर पुढची तपासणी दुप्पट वेळ घेऊन करावी.

भंडारा-गोंदियाकडचा भाताचा ट्रॅक्टर केजव्हील लावून चिखलात फिरलेला असतो. त्याची भानगड पाण्याची. एक्सलचं सील गेलं की चिखलाचं पाणी आत आणि तेल बाहेर. नदीतून वाळू ओढलेल्या ट्रॅक्टरचं दुखणं तेच, वर वाळूचे कण. नाशिक, तासगावच्या द्राक्षबागेतला लहान ट्रॅक्टर दिसायला लाडावलेला असतो, पण त्याने ब्लोअर ओढत हजारो तास पीटीओ फिरवलेला असतो. त्याच्या पीटीओच्या शाफ्टच्या खाचा आणि बेअरिंग आधी बघावं. पुढे लोडर बसवून माती-मुरूम भरलेल्या ट्रॅक्टरचा रिव्हर्स गिअर आणि क्लच दोन्ही दमलेले असतात. लोडर काढून विकतात. पुढच्या बाजूला जादा बोल्टांची भोकं किंवा रंगाखाली वेल्डिंगचे व्रण राहतात. विदर्भातल्या काळ्या जमिनीत पलटी नांगर ओढलेला ट्रॅक्टर मला यातल्या त्यात बरा वाटतो. जड काम, पण एकसारखं, खालच्या गिअरात आणि बहुधा मालकाच्याच हाताखाली. हे माझं मत झालं. नांगरटीला भाड्याने फिरवलेला ट्रॅक्टर मात्र या सवलतीत बसत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. निरनिराळे मिस्त्री निरनिराळ्या परीक्षांवर भिस्त ठेवतात. कुणाचा कानावर विश्वास, कुणाचा तेलावर, कुणाचा रस्त्यावर. या सगळ्या परीक्षा सारख्या वजनाच्या नाहीत.

तेलापासून सुरुवात करायची तर आदल्या दिवशी फोन करून सांगावं, ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा, मी आल्याशिवाय चालू करू नका. तेलात पाणी असेल तर रात्रीतून ते तळाशी बसतं. सकाळी खालचा ड्रेनचा नट जरा ढिला केला की आधी पाण्याचे थेंब येतात, मग तेल. ट्रॅक्टर आधीच फिरवून ठेवला असेल तर पाणी-तेल घुसळून ताकासारखं पांढरट दिसतं. पांढरटपणा थोडा असेल आणि गिअरच्या दांडीचं रबर फाटलेलं असेल तर पावसाचं किंवा धुलाईचं पाणी गेलं असं समजावं, सील बदलून तेल बदललं की भागतं. पण आत पाणी किती दिवस होतं, बेअरिंगांना गंज चढला का, हे तेल सांगत नाही. नटाला चुंबक असतं किंवा आपण खिशात नेलेलं चुंबक तेलात बुडवता येतं. राखाडी मलमासारखा थर सगळ्यांच्याच येतो. बोटांत टोचेल असा कीस, कपच्या, दात्याचा तुकडा आला तर बोलणी थांबवावी. आणि तेल अगदी नवं, मधासारखं असेल तर? विकणारा कौतुकाने दाखवतो. मध्यम ट्रॅक्टरात हे तेल तीस-चाळीस लिटरच्या घरात लागतं. विकायला काढलेल्या वस्तूवर माणूस एवढा खर्च का करतो, हा साधा प्रश्न विचारावा. आवाज दाबायला प्रमाणाबाहेर जाड तेल घालणं, त्यात ग्रीस कालवणं, अगदी लाकडाचा भुसाही टाकणं, या जुन्या युक्त्या आहेत. बोटांवर तेल चोळून वास घेतला की भुसा कळतो. जाड तेल उन्हाने पातळ होतं, म्हणून दुपारी, तासभर चालवल्यावर आवाज पुन्हा ऐकावा.

क्लच हाउसिंगच्या तळाला एक लहान भोक असतं, त्यात बहुधा स्प्लिट पिन लोंबते. तिथून काळं तेल गळत असेल तर इंजिनाचं मागचं सील गेलं, पिवळसर घट्ट तेल गळत असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं. दोन्हींचं तेल शेवटी क्लच प्लेटवर जातं आणि दोन्हींसाठी ट्रॅक्टर मधून सोडवावा लागतो. एका यार्डात मी हे भोक एम-सीलने लिंपलेलं पाहिलं. तो ट्रॅक्टर पुढे बघायची गरज उरली नाही.

कानाची परीक्षा म्हणजे केवळ आवाज आहे की नाही हे ऐकणं नव्हे. इंजिन चालू, दांडी न्यूट्रलला, क्लच सोडलेला. घरघर येते? आता क्लच दाबा. घरघर गेली तर ती गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगांची. उलट, क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू झाली तर क्लच बेअरिंग. मग एकेक गिअर टाकून चालवायचा. एकाच गिअरात आवाज असेल तर त्याच जोडीत खोट आहे. सगळ्या गिअरांत सारखाच असेल तर मागे, क्राऊन-पिनियनमध्ये किंवा त्याच्याही मागे. रेस दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, हे क्राऊन-पिनियनचं लक्षण. फक्त वळतानाच कटकट आली तर डिफरन्शियलच्या आतल्या लहान गिअरांकडे बोट दाखवावं. ठरावीक अंतराने टक्, टक् असा एकच ठोका पडत असेल तर तुटलेला दाता शोधावा.

याच परीक्षेवर सगळ्यात जास्त वाद होतात. "आवाज करतोय" म्हणून चांगला ट्रॅक्टर सोडून देणारे पुष्कळ आहेत. स्लायडिंग मेशचे दाते सरळ कापलेले असतात आणि सरळ दात्यांचा गिअर कारखान्यातून निघतानाही कण्हतो. रिव्हर्सचं कण्हणं तर जवळजवळ सगळ्याच ट्रॅक्टरांत असतं. एकसारख्या सुराची रड ही वयाची आहे, ती भावात धरावी. खरखर, खडखड आणि ठोका यांचं तसं नाही. ज्याला फरक कळत नाही त्याने त्याच मॉडेलचा, गावातला कुणाचा तरी बरा चालणारा ट्रॅक्टर आदल्या दिवशी अर्धा तास चालवून यावा. याहून स्वस्त शिक्षण नाही.

रस्त्यावरची परीक्षा रिकाम्या ट्रॅक्टरवर केली तर तिला अर्थ नाही. गिअर निसटतो तो ओझ्याखाली, आणि त्याहून जास्त, ओझ्याची दिशा बदलताना. म्हणून मागे भरलेली ट्रॉली हवी आणि एखादा चढ-उतार हवा. चढावर रेस देऊन, उतारावर रेस पूर्ण सोडून, प्रत्येक गिअरात, हाय आणि लो दोन्हींत. दांडीवर तळहात नुसता टेकवलेला, धरायची नाही. गिअर सुटायच्या आधी दांडी थरथरते. उतार घेताना जागा निवडून घ्यावी, कारण भरल्या ट्रॉलीखाली गिअर सुटला की ट्रॅक्टर केवळ ब्रेकवर राहतो आणि एक्सलच्या सीलमधून तेल झिरपून कोरडे ब्रेक चिकट झालेले असतील तर तेही राहत नाहीत. लांब, मोकळा, सौम्य उतार पुरतो, घाट नको. शेवटी ट्रॉलीसह रिव्हर्स.

गिअर निसटण्याचीही प्रतवारी आहे. वरच्या झाकणातली स्प्रिंग थकली किंवा तिच्याखालची गोळी झिजली असेल तर काम किरकोळ, पत्र्याच्या डबीत मावेल एवढ्या सामानाचं. काटा वाकला असेल तर जरा जास्त. दाते किंवा कपलर झिजलं असेल तर मोठं. बाहेरून तिन्हींचं लक्षण एकच. विकणारा नेहमी पहिलंच सांगतो.

क्लचची झीज बघायला सपाट मोकळ्या जागी, समोर कुणी नाही याची खात्री करून, ब्रेक लॉक करून सगळ्यात वरचा गिअर टाकावा आणि थोड्या रेसवर क्लच सावकाश सोडावा. इंजिन दबून बंद पडलं पाहिजे. ते आरामात फिरत राहिलं तर प्लेट घसरते. खालच्या गिअरात हा प्रयोग करू नये, ट्रॅक्टर पुढून उचलतो. डबल क्लच असेल तर अर्ध्या पेडलला चाल थांबून पीटीओ फिरत राहिला पाहिजे. रोटाव्हेटरवाल्याला याची किंमत कळते. मग मागची दोन्ही चाकं उचलून, जॅकवर न ठेवता भक्कम ठोकळ्यांवर टेकवून, गिअरात असताना चाक हाताने पुढे-मागे हलवावं. खेळ सगळ्यांत असतो. दोन्ही चाकांचा सारखा असावा. चाक वर-खाली हललं तर एक्सलचं बेअरिंग. न्यूट्रलला एक चाक फिरवलं की दुसरं उलट फिरतं, डिफरन्शियल लॉक दाबला की दोन्ही एका दिशेने फिरायला हवीत. हा लॉक वर्षानुवर्षं न वापरल्याने अडकलेला असतो आणि शेतात रुतल्यावरच आठवतो.

हाउसिंगला गेलेली चीर ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी मी भाव करत बसणार नाही. बिडाचं वेल्डिंग होतं, चांगलं होतं, पण कण्यातल्या चिरेवर ओझं रोज येतं. बोल्टांच्या कडेने, एक्सलच्या मुळाशी, जाड रंगाच्या थराखाली हात फिरवून बघावं. उलटलेल्या ट्रॅक्टरांत ही हमखास सापडते. आणखी एक मुद्दा कागदांशी जोडलेला आहे. अनेक मॉडेलांत चासी नंबर याच बिडावर ठोकलेला असतो. हाउसिंग बदललं असेल तर नंबर गायब असतो किंवा नव्याने ठोकलेला असतो आणि नावावर करताना आरटीओत अडतं. आरसी बुकातला नंबर तिथला गंज पुसून, अक्षर न् अक्षर जुळवावा. बँकेचा बोजा उतरला का, हे त्याच वेळी.

राहिला झाकणाचा प्रश्न. गिअरच्या दांडीसकट वरचं झाकण बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत थोडे बोल्ट काढले की उचलतं. नवं पॅकिंग लागतं आणि सकाळचा वेळ लागतो. विकणारे म्हणतात, "एकदा खोललं की गळतंच." नीट बसवलं तर गळत नाही. मला जमलेला तोडगा असा: आधी थोडा इसार द्यायचा, तोंडी नव्हे तर चिठ्ठीवर लिहून, की आमचा मिस्त्री झाकण उघडून बघेल, पॅकिंग आणि मजुरी आमची, दाते-कपलर-काटे बाद निघाले तर इसार परत. दहातले सहा-सात मालक कुरकुर करून तयार होतात. जे अजिबात तयार होत नाहीत ते सगळे लबाड असतात असं नाही, पण त्यांच्या ट्रॅक्टरला मी गिअरबॉक्स बाद धरूनच भाव सांगतो.

उघडल्यावर बाद निघालं तरी ट्रॅक्टर सोडलाच पाहिजे असं नाही. महिंद्रा, मॅसी, स्वराजचे गिअर तालुक्याला मिळतात. त्यांची गिअरबॉक्स खराब असली तरी हिशेब करता येतो. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, तेव्हा त्याच्या बाबतीत आधी सामान कुठे मिळतं ते शोधावं आणि मग भाव बोलावा. फोर्डचंही तसंच. ट्रॅक्टर एक नंबर, पण एका शाफ्टसाठी लुधियानाला फोन लावत पेरणी निघून गेलेली माणसं आहेत.

व्यवहार झाला, ट्रॅक्टर दारात आला, की सगळं जुनं तेल काढून कंपनीने सांगितलेल्या प्रतीचं नवं भरावं. ब्रेक तेलातले असतील तर त्यांचं तेल वेगळं असतं, साधं नव्वद नंबरचं घालून चालत नाही. ड्रेनचा नट पुसून कोरा करून लावावा. पन्नास एक तासांनी तोच नट पुन्हा खोलून चुंबकावर काय आलंय ते बघावं.